मी न केलेली टिटवाळ्याची पाहणी

आधीच सांगून टाकते, मी या असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या नाक्यावर कोणी उतरवून टाकलेला नारळ दिसला की बाकीच्या बायका चार हात लांबून जायच्या, मी वाकून बघायचे नारळ चांगला आहे का ते. इथे लोक लिहितात तसे पांढऱ्या साडीतल्या बायका, हाका, पैंजण वगैरे मला कधी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तर मी त्यांना कर्जाचा फॉर्म दिला असता. मग आज मी का लिहितेय? एक तर माझी मुलगी मुग्धा मागे लागली आहे. आणि दुसरं म्हणजे यात माझी एक कबुली आहे... ती इतक्या वर्षांत मी दोनच माणसांना दिली.

नव्वदीच्या मधली वर्षं. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचन. आमचे हे - अरुण - ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत क्लार्क. मुग्धा सात वर्षांची. आणि मी गृहकर्जाची एजंट. हल्ली ज्याला वर्क फ्रॉम होम म्हणून मिरवतात ते मी तेव्हा करायचे, फक्त त्याला तेव्हा लोक 'घरीच असते' म्हणायचे. शिलाई मशीनचं झाकण बंद केलं की ते माझं ऑफिस. त्यावर फोन, फॉर्मचा गठ्ठा, कार्बन पेपर आणि बॉलपेन. कंपनीचं ऑफिस ठाण्याला, पण मी तिथे आठवड्यातून एकदाच जायचे, फायली द्यायला. पगार शून्य. फाईल पास झाली तर कमिशन, नाही झाली तर हरी हरी.

आता कामाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक फाईलला एक 'जागा पाहणी अहवाल' लागायचा. एका पानाचा. एजंटने स्वतः इमारतीवर जायचं, बघायचं, आणि कार्बन घालून तीन प्रतींत लिहायचं. वरची पांढरी कर्जाच्या फाईलला, मधली गुलाबी कंपनीच्या इंजिनिअरला, खालची पिवळी आपल्याकडे. इंजिनिअर एकच होते, परांजपे साहेब, आणि ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यामुळे एजंटने काही शेरा मारला तरच ते स्वतः जायचे, नाही तर अहवालावर विश्वास ठेवून सही करायचे.

आणि आम्ही एजंट काय करायचो? घरी बसून अहवाल भरायचो. सगळे नाही, पण बरेच. आमच्यात त्याला 'टेबल पाहणी' म्हणायचे. मी पहिल्या वर्षी इमानेइतबारे फिरले, मग एकेक करत मीही शिकले. माझी वाक्यं ठरलेली होती. बांधकाम समाधानकारक. रस्ता आहे. पाणी आहे. वीज येणार आहे. शेऱ्याची जागा कोरी. झाली पाहणी.

तर गायकवाडांची फाईल. सदानंद गायकवाड ठाण्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. बायको सुनंदा, दोन मुलं, त्यांचे आईवडील, अशी सहा माणसं कोपरला चाळीतल्या एका खोलीत. टिटवाळ्याला एक नवीन बिल्डिंग होत होती, तिथे त्यांनी मागच्या बाजूचा, पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक पसंत केला होता. सुनंदा पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला सवयीने विचारलं, घरात काय काय हवंय तुम्हाला?

"ताई, स्वतःचा संडास," ती म्हणाली. "बाकी गॅलरी-बिलरी नसली तरी चालेल. लग्नाला बारा वर्षं झाली, सकाळी डबा घेऊन रांगेत उभी राहतेय."

मी हसले आणि मग मला हसल्याची लाज वाटली. टोकन त्यांनी आधीच दिलं होतं. आता शनिवारी संध्याकाळी त्यांना आपल्या हिश्श्याची सगळी रक्कम बिल्डरला द्यायची होती, आणि त्यासाठी सुनंदाच्या बांगड्या गेल्या होत्या, सासूची मोहनमाळ गेली होती. शनिवार चुकला की बिल्डर भाव वाढवणार. म्हणजे माझा अहवाल त्या आठवड्यात जायलाच हवा होता.

मी मंगळवारी टिटवाळ्याला जाणार होते, खरंच जाणार होते. पण सोमवारी रात्रीपासून मुग्धा तापाने फणफणली. मंगळवारी दुपारी तिचं डोकं मांडीवर घेऊन मी जमिनीवर बसले होते. एका हाताने मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, दुसऱ्या हाताने, पाटावर कागद ठेवून, टिटवाळ्याची पाहणी. बांधकाम समाधानकारक, रस्ता आहे, पाणी आहे... लिहिताना मन खात होतं. बारा वर्षं रांगेत उभी राहिलेली बाई डोळ्यांसमोर येत होती. पण पोर की फाईल, यात आई काय करणार?

तीन वाजता ठाण्याच्या ऑफिसातून फोन आला, तो मी घेतला. उद्या अरुणबरोबर फाईल पाठवते म्हणून सांगितलं. मग पुन्हा येऊन बसले. पाच-दहा मिनिटं माझाही डोळा लागला असेल. जाग आली ती शेजारच्या शैलाताईंच्या बेलने, त्या बर्फ घेऊन आल्या होत्या. तेव्हा साडेतीन झाले होते. बेलच्या आवाजाने मुग्धाही जागी झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू आलीस?"

"अगं, मी इथेच आहे की राणी."

"नाही," ती म्हणाली आणि परत झोपली. ताप एकशे तीन होता, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही. बुधवारी ताप उतरला आणि फाईल अरुणबरोबर ठाण्याला गेली.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"राणेबाई, परांजपे बोलतोय. तुमचा टिटवाळ्याचा अहवाल वाचला. शेरा उत्तम लिहिला आहेत. मी उद्या सकाळी स्वतः जाऊन बघतो."

मी म्हटलं, "कुठला शेरा, साहेब?"

"म्हणजे काय? वाचून दाखवू? 'मागच्या बाजूला जुनी विहीर बुजवली आहे. खांब क्रमांक सात तिच्यावर उभा आहे.' तुमचंच अक्षर आहे हो. एवढं बारकाईने हल्ली कोणी बघत नाही."

मी "हो हो, बरोबर" असं काहीतरी बोलून फोन ठेवला आणि मशीनच्या खणातून माझी पिवळी प्रत काढली. शेऱ्याची जागा कोरी. उलटून पाहिली, उजेडात धरून पाहिली. काही नाही. मी घाबरले, पण भुताला नव्हे, खोटं सांगत नाही. भीती अशी की कोणीतरी माझ्या अहवालात लबाडी केली आहे, आता परांजपे जाणार, तिथे विहीर वगैरे काही नसणार, आणि ते विचारणार, बाई, तुम्ही खरंच गेला होता का? की एजन्सी गेली.

आणि मग दुसरा विचार आला. विहीर असली तर? उद्या संध्याकाळी गायकवाड त्या खांबावरच्या घरासाठी सगळं देऊन बसणार.

दहा मिनिटं मी फोनकडे बघत बसले. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. शेवटी त्यांचा पीपी नंबर फिरवला, म्हणजे चाळीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याचा, आणि निरोप दिला: उद्या पैसे देऊ नका, सोमवारपर्यंत थांबा. मी न लिहिलेल्या एका ओळीवर भरवसा ठेवून मी हे केलं. का केलं ते विचारू नका, मलाच सांगता येत नाही.

संध्याकाळी गायकवाड दारात. कामावरून घरी गेले, निरोप ऐकला आणि तसेच आले होते. एरवी "जयभीम ताई" म्हणून हसत आत येणारा माणूस, त्या दिवशी चपला न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"काय चाललंय ताई? उद्या नाय दिले तर भाव गेला. परत एवढं कुठनं आणू मी? वाण्याकडनं ऑफिसला फोन केला तर बोलतात तुम्हीच कायतरी लिहिलंय."

"विहिरीचं आहे. उद्या साहेब बघून येतील."

"मी चार वेळा गेलेलो तिकडे. मला कुठे विहीर दिसली नाय. सुनंदा आतापासनंच सामान बांधतेय, ताई. आमच्या घराच्या मुळावर का आलात तुम्ही?"

मी काय बोलणार? मी स्वतः पाहिली असं म्हणावं तर ते खोटं, नाही पाहिली म्हणावं तर तोही माझाच गुन्हा. मी एवढंच म्हटलं, "दोन दिवस द्या. भाव वाढला तर माझं कमिशन तुमचं." ते तसेच जिना उतरले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अरुणला सगळं सांगितलं. पहिली कबुली ती. तो म्हणाला, "विहीर निघाली तर बरं, आणि नाही निघाली तरी बरं. पण यापुढे न बघता लिहू नकोस."

शनिवारी दुपारी दोनला फोन आला. परांजपे साहेब धापा टाकत होते.

"राणेबाई, टिटवाळा स्टेशनवरून बोलतोय. सात नंबरच्या खांबापाशी दोन फूट उकरायला लावलं. विहिरीचा दगडी कठडा लागला हो! आत सगळा डबर भरलाय आणि त्यावर खांब. पहिल्या दमदार पावसात बसेल तो. माझ्याकडून नाहीच मिळणार कर्ज या इमारतीला. त्या माणसांनी पैसे दिले का?"

"नाही दिले," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. एवढं मोठ्याने की मुग्धा आतून धावत आली.

सोमवारी मी ठाण्याला गेले, ती गुलाबी प्रत बघायलाच. अक्षर माझंच. माझा 'ळ' डावीकडे कलतो, तोही तसाच. बॉलपेनने नंतर लिहिलेलं असतं तर समजलं असतं, पण ते कार्बनचंच होतं, वरच्या ओळींसारखंच निळं. मी बोट घासलं तर बोटाला लागलं. मी माझी कोरी पिवळी प्रत पुढे ठेवली, तेव्हा परांजप्यांनी पांढरीही मागवली. कोरी. ते चष्मा वर करून म्हणाले, "वरच्या कागदावर नाही, खालच्यावर नाही, आणि मधल्यावर कसं उमटलं हो हे?" मी म्हटलं, कार्बन सरकला असेल. त्यांना ते पटलं नाही, पण ते सभ्य गृहस्थ होते.

गोष्ट इथे संपली असती तर मी म्हटलं असतं, असेल काहीतरी. पण पुढच्या आठवड्यात सुनंदा आली. टोकन परत घ्यायला टिटवाळ्याला जायचं होतं, नवऱ्याला रजा नव्हती. "तुम्ही चला ताई. आणि मला ती विहीर एकदा डोळ्यांनी बघायचीय. म्हणजे मनातनं घर जाईल."

मी जन्मात पहिल्यांदा त्या प्लॉटवर पाय ठेवला, तो असा. बिल्डिंगच्या मागे एक कौलारू घर होतं, अंगणात एक म्हातारी आगरी बाई वाल सोलत बसली होती. मी तिला कधी पाहिलेलं नाही, हे मी मुग्धाची शपथ घेऊन सांगते. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि तोंडभर हसली.

"आलीस गो बाय? पोरीचा ताप उतरला का?"

माझ्या तोंडातून नकळत "उतरला" असं निघून गेलं. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिला मुग्धाच्या तापाचं काहीच ठाऊक नव्हतं. मी कसंबसं विचारलं, "मावशी, मी... कधी आले होते?"

"असा काय करतंस? मंगलवारी नाय का. तीनची गाडी गेली आन् तू आलीस. पायात चपला नाय, उन्हात पाय भाजलं असतील म्हनून मी पाणी दिला. हीर कुठं व्हती विचारलास, मी दाखवली. मीच बोलले, पोर तापली हाय तं आलीस कशाला गो? तं बोललीस, बघितल्याबिगर लिवायचा कसा?"

भर दुपार होती, ऊन होतं, बाजूला गवंडी विटा भिजवत होते. मी तिच्या अंगणातल्या पायरीवर बसले. मंगळवारी तीन वाजता मी डोंबिवलीत फोन घेतला होता. साडेतीनला शैलाताईंच्या हातून बर्फ घेतला होता. अनवाणी होते, हे मात्र खरं. घरात चपला कोण घालतं? आणि मला मुग्धाचं ते आठवलं... "आई, तू आलीस?"

परतीला आम्ही दोघी स्टेशनवर आलो. बाकावर बसल्यावर सुनंदाने माझा हात घट्ट धरला. "आजारी पोर टाकून, अनवाणी आलात आमच्यासाठी. आणि हे तुम्हाला काय काय बोलून गेले." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खरं सांगायचं होतं, पण काय सांगू? मी आलेच नव्हते? मग म्हातारीशी बोललं कोण?

टोकन बिल्डरने कुरकुरत का होईना दिलं, कंपनीचं नकाराचं पत्र पुढे ठेवल्यावर त्याचा इलाज नव्हता. त्याच पावसाळ्यात सात नंबरचा खांब खचला. मागच्या गॅलऱ्या भिंतीपासून सुटल्या, त्यात गायकवाडांचा पहिला मजलाही होता. अजून कोणी राहायला आलं नव्हतं, म्हणून सगळे वाचले. बातमी कळली तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी बाजूला केली आणि दोन्ही हात जोडले. कोणाला जोडले ते ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी गायकवाडांनी कल्याणला ब्लॉक घेतला. पाहणीला मी तीनदा गेले, चपला घालून, खांब मोजत. घरात बुद्धवंदना झाली, मग सुनंदाने मला सगळ्यांच्या आधी खिरीची वाटी दिली आणि हाताला धरून एका दाराशी नेलं. दार उघडून दिवा लावला. पांढऱ्या टाइल्स लावलेला स्वतःचा संडास. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो.

आणि तिथेच मला राहवलं नाही. मी दुसरी कबुली दिली. म्हटलं, सुनंदा, मी त्या मंगळवारी आले नव्हते गं. घरात बसून खोटा अहवाल लिहिला. ती ओळ मी लिहिली नाही. तुमचं सगळं माझ्यामुळे जाणार होतं, वाचलं कोणामुळे ते मला माहीत नाही.

ती रागावेल अशी तयारी मी ठेवली होती. तिने आधी माझ्या हातातली खिरीची वाटी सावरली.

"ताई, न बघता लिहिलंत ते चुकलंच," ती म्हणाली. "पण बघितल्याबिगर लिहायचं नाही हे त्या म्हातारीला कोणीतरी सांगितलं ना? मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते तुमच्यातलंच कोणीतरी असणार. दुसऱ्या कोणाला तुमच्या पोरीचा ताप कशाला माहीत असेल?"

आता परांजपे साहेब गेले, ती म्हातारीही गेली असेल. पिवळी प्रत अजून माझ्याकडे आहे, शेऱ्याची जागा कोरीच आहे. त्यानंतर मी वीस वर्षं हे काम केलं आणि एकही अहवाल घरी बसून लिहिला नाही. भीतीने नाही. मी गेले नाही तर माझ्याऐवजी कोण जाईल, ही उगाच एक काळजी. बाकी मनावर ओझं असं काही नाही, उलट त्या खांबाची आठवण झाली की अजूनही हायसं वाटतं.

सुनंदा दर दिवाळीत फोन करते. मुलांची खबर देते, गुडघ्यांची तक्रार करते. आणि फोन ठेवताना, न चुकता, एवढं विचारते, "ताई, चपला घातल्यात ना?"